पहाटेचा हट्ट सोडा

"डॉक्टर, तेवढं चालायला मात्र सांगू नका. गोळी वाढवा हवी तर." कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारे एक गृहस्थ परवा माझ्या सांगलीच्या दवाखान्यात असे म्हणाले. वय सत्तेचाळीस, दोन वर्षांपासून मधुमेह. जानेवारीत त्यांनी नवे बूट घेतले, अकरा दिवस आमराईत फेऱ्या मारल्या आणि बाराव्या दिवशी बूट पुन्हा खोक्यात गेले.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. रागावणार कोणत्या तोंडाने? माझे बालपण साताऱ्यातले. पहाटे अजिंक्यताऱ्याची वाट चढणारी माणसे पाहत मी मोठा झालो, त्यामुळे फिरणे म्हणजे पहाटेचेच, असे डोक्यात पक्के बसले होते. सांगलीत व्यवसाय सुरू केल्यावर कृष्णाकाठी तसे फिरण्याचा मीही नेम केला, आणि तो किती वेळा मोडला याचा हिशेब ठेवलेला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा बंद पडलेले माझे फिरणे दिवाळी उलटली तरी सुरू झाले नव्हते. पाणी मात्र केव्हाच ओसरले होते!

आता माझे मत असे झाले आहे, की चाळिशी-पन्नाशीच्या नोकरदाराचे फिरणे बुडते ते बहुतेक वेळा आळसाने नव्हे, तर चुकीच्या वेळेमुळे. पहाट ही निवृत्तांची आणि पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या पोरांची. कामावर जाणाऱ्याच्या घरात तीच सर्वांत गर्दीची वेळ असते. नळाला पाणी तेव्हाच येते, डबे तेव्हाच भरायचे असतात, पोरांची शाळा आणि स्वतःची एसटीही तेव्हाच गाठायची असते. त्यातच अर्धा तास कोंबायचा म्हटले की तो पंधरा दिवसांत बाहेर फेकला जातो.

यावर उपाय आपल्या घरातच होता. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली! न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेही रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून केव्हाही सलग तीस मिनिटे चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर फरक २२ टक्क्यांचा होता. कारण सोपे आहे. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, आणि जेवल्यावरच ती रक्तात चढत असते.

मात्र शंभर पावलांवर भागणार नाही. दहा-पंधरा मिनिटे चाला. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग हवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस. ती सलग हवीत असेही नाही, दुपारच्या डब्यानंतर कारखान्याच्या आवारात मारलेली फेरीही त्यात धरा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. चालताना छातीत दुखले किंवा दडपण आले तर तिथेच थांबावे आणि लगेच डॉक्टर गाठावा, उद्यावर टाकू नये. हृदयविकार असलेल्यांनी भरल्या पोटी झपझप चालू नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, त्यावर विसंबू नका. लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातच दिसले, की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. पाऊस असेल तर जिन्यात किंवा गच्चीच्या छपराखाली फेऱ्या माराव्यात. रस्त्यावर दिवे नसतील, कुत्री असतील, तर हातात काठी आणि बॅटरी असू द्यावी. नगरसेवकाकडे तक्रारही करावी, पण दिवा लागेपर्यंत घरात बसू नये.

एक गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. साताऱ्याच्या घरी वडील अंगणात शतपावली घालत, तेव्हा आई खरकटी काढत असे. तिलाही पुढे मधुमेह झाला. "तू पण चाल" असे आम्ही कोणी तिला म्हटल्याचे मला आठवत नाही. दवाखान्यात येणाऱ्या भगिनींना आजही मी चालायला सांगतो, तेव्हा त्या मान डोलावतात आणि घरी जाऊन ओटा आवरतात. म्हणून हल्ली मी नवऱ्यालाही आत बोलावतो आणि विचारतो, "रात्रीची भांडी कोण घासतं?" काही जण हसतात, काहींना राग येतो. आमच्या घरी आता आम्ही दोघे मिळून ओटा आवरतो आणि मगच बाहेर पडतो.

ते कुपवाडचे गृहस्थ गेल्या सोमवारी पुन्हा आले. पाच आठवडे झाले, रात्री पती-पत्नी गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारतात म्हणाले. मध्ये चार दिवस गावच्या यात्रेत बुडाले, त्याचे त्यांना फार वाईट वाटत होते. मी त्यांचे पाय पाहिले. टाचेला भेग पडली होती, कारण स्वारी रबरी चपलेत फिरत होती आणि बूट अजून खोक्यातच होते. मग मात्र मी रागावलो.