माशाची पसंती

बीदर-कलबुर्गीच्या या अवर्षणप्रवण मुलुखात पाण्याचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. परंतु त्या पाण्यातल्या जिवाला कोणते पाणी रुचते, याचा विचार आपण लाभ असेल तेथेच करतो. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, हे ध्यानात घेऊनच मत्स्यपालक या तिघांचे बीज एका तळ्यात सोडतो. दवाखान्याच्या नि हॉटेलच्या दर्शनी भागातील काचेच्या टाकीत मात्र हे ज्ञान शिरत नाही. तेथे सारी मांडणी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते.

दुकानात तळहाताएवढ्या बरणीत विकला जाणारा फायटर मासा पाहावा. स्याम देशातील भातखाचरांच्या उथळ, उबदार, पाणवनस्पतींनी दाटलेल्या पाण्यातला हा जीव थेट हवेतून प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून बरणीतही तगतो. आणि तो तगतो एवढ्यावरून त्याला ती मानवते असे आपण खुशाल ठरवून टाकतो. बाजारात घमेल्यात जिवंत राहणाऱ्या मरळीविषयी आपली समजूत हीच. नदीतील वाम दिवसा कपारीत किंवा रेतीत अंग दडवून राहते व रात्री भक्ष्य शोधते. तिला उघड्या तळाच्या, दिव्यांनी झगमगणाऱ्या टाकीत ठेवले तर ती दिवसभर नळीमागे अंग चोरून पडते, आणि ‘ही सुस्त आहे’ असा शेरा मारून पाहणारा पुढे जातो.

केवळ दयाबुद्धीनेही येथे भागत नाही. ब्रिटनमधील ब्रॅम्बेल समितीने १९६५ साली कोंबड्यांच्या पिंजऱ्याला बारीक तारेची जमीन नसावी अशी शिफारस सद्भावनेनेच केली होती. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी निवड कोंबड्यांवरच सोपविली, तेव्हा त्यांनी तीच बारीक जाळी अधिक पसंत केली. जनावराला विचारण्याचा मार्ग आहे, तो माशालाही लागू आहे. मात्र सवयीचीच जागा प्रथम निवडली जाण्याचा संभव असल्याने ही परीक्षा एका दिवसात उरकता येणार नाही.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मनुष्येतर प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो आणि हालचालीस पुरेशी जागा न देता कोंडणे गुन्हा ठरवितो. पण पुरेशी म्हणजे किती, हे माशांपुरते कोणी मोजायचे? हे काम बीदरनेच अंगावर घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. २००४ च्या कायद्याने उभे राहिलेले पशुवैद्यकीय, प्राणी व मत्स्यविज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. त्याने दुकानांत सर्रास विकल्या जाणाऱ्या माशांसाठी अर्धी रेती-वनस्पतींची व अर्धी मोकळी अशा टाक्या मांडून रात्रंदिवस नोंदी ठेवाव्यात, आणि त्यांवरून खोली, तळ, आडोसा व उजेड यांचा जातवार तक्ता कन्नड व मराठीत छापून प्रत्येक विक्रेत्याच्या हाती द्यावा.