गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर...

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या गाडीचा क्लच गेला आणि आमच्या घरात आठ दिवस एकच वाद चालला: क्लचबरोबर फ्लायव्हीलही बदलायचं की नाही? मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गाड्यांशी माझा संबंध स्कूटरच्या पुढे कधी गेला नाही. पण आपा म्हणाली, "तू शिकलेला आहेस, जा त्याच्याबरोबर," आणि मी गेलो. शिकलेल्या माणसाची गॅरेजमध्ये काय किंमत असते, ते तिथे गेल्यावर कळलं.

गाडी साधी नाही. स्पोर्ट्स कार हा शब्द आपल्याकडे जरा जपूनच वापरावा लागतो. आपल्या बाजूची म्हणाल तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, दोन दारं आणि आत रेनोचं ११४९ सीसीचं छोटं इंजिन. नंतर दिलीप छाब्रियांची डीसी अवंती, जी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवली आणि पोरांनी मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवली. भाच्याची गाडी यांतली नाही. चार दारांची, टर्बो पेट्रोल इंजिनाची, वीस वर्षांची परदेशी सेदान, पण कंपनीने स्पोर्ट्स म्हणून वेगळी काढलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नाही, वयाचा आहे. आखातातल्या पहिल्या चार वर्षांच्या कमाईतून त्याने ती जुनी घेतली. आता घरावर स्लॅब टाकायचा आहे, म्हणून ती विकायची आहे. विकायच्या आधी क्लच करून घ्यायचा, एवढाच त्याचा बेत होता.

क्लच का गेला, हे चौलमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. शनिवार-रविवारी अलिबाग-रेवदंडा रस्ता बघा. आक्षी, नागाव, चौल, सगळा अरुंद रस्ता वाड्यांमधून जातो आणि त्यावर काशिदपर्यंत जाणाऱ्या मुंबईच्या गाड्यांची रांग. दत्ताच्या यात्रेत तर विचारूच नका. अर्धा क्लच, पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा अर्धा क्लच. भरीला आमची खारी हवा. भाचा अकरा महिने बाहेर आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळ्यात अशी उभी राहिलेली गाडी काढायला जावं, तर कधी कधी फ्लायव्हीलवर गंज धरून क्लच प्लेट त्यालाच चिकटलेली असते. त्याचंही एकदा तसं झालं होतं. ती झटका देऊन सोडवली, आणि बहुधा तिथूनच तिचे दिवस भरले.

अलिबागच्या मिस्त्रींनी फोनवरच सांगितलं, "सर, फ्लायव्हील पण घ्या. गिअरबॉक्स उतरणारच आहे." मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, म्हणजे उस्ताद. रेवदंड्याच्या किल्ल्यातून आमच्या तोंडात आलेला असेल, असं मला उगीच वाटत असतं. उस्तादाचं ऐकावं, हे खरं. पण आकडे ऐकून भाचा खालीच बसला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मिळून एकवीस हजार, मजुरी नऊ, आणि फ्लायव्हील एकटं सेहेचाळीस.

सेहेचाळीस हजारांचं हे आहे तरी काय? इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टांनी आवळलेली एक जड चकती. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा स्फोट होतो, म्हणजे ताकद झटक्याझटक्यांनी येते. चकतीचं वजन ते झटके पोटात घेतं आणि फिरणं एकसारखं ठेवतं. तिच्या कडेला दात असतात, स्टार्टर त्यांत अडकून इंजिन फिरवतो. आणि तिच्याच सपाट तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते. छोट्या, साध्या गाड्यांत ही चकती सहसा ओतीव लोखंडाची, एकसंध असते. तिला चरे पडले तर लेथवर फेसिंग मारून आणता येते, थोडक्यात भागतं.

भाच्याच्या गाडीत आहे ते ड्युअल मास फ्लायव्हील. दोन चकत्या, मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या कमानदार स्प्रिंगा. इंजिनाकडची चकती झटके खाते, स्प्रिंगा ते गिळतात आणि गिअरबॉक्सकडची चकती शांत फिरते. जर्मनीच्या लूक कंपनीने १९८५ मध्ये हे पहिल्यांदा बाजारात आणलं. आराम मोठा, पण स्प्रिंगा थकतात. मग इंजिन बंद करताना आतून खडखड येते, उभ्या गाडीत पायाखाली थरथर जाणवते. आणि हे भाग साध्या चकतीसारखे लेथवर लावून नवे होत नाहीत. गेलं की बदलायचं.

आता माझं मत. ते मिस्त्रींच्याही विरुद्ध आहे आणि भाच्याच्याही.

"उतरलाच आहे, तर" हे वाक्य मला भीतिदायक वाटतं. कोकणात याच वाक्याने घरं खाल्ली आहेत. कौलं काढलीच आहेत तर वासे बदलू, वासे काढलेच आहेत तर भिंत चढवू. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की आधी नैदानिक चाचणी घ्या, मग उपचारात्मक अध्यापन करा. पोराला भागाकार येत नाही म्हणून त्याला पहिलीपासून सगळं गणित पुन्हा शिकवायचं नसतं. तसं इथेही गाडी उघडण्याआधी फोनवर "बदला" म्हणणारा आणि "नको" म्हणणारा, दोघेही चाचणीशिवाय निकाल लावतात. फ्लायव्हील मोजता येतं. बाहेरची चकती हाताने एका बाजूला फिरवायची, स्प्रिंगेचा जोर लागेपर्यंत किती मोकळी फिरते ते बघायचं, मग दुसऱ्या बाजूला. दोन चकत्या एकमेकींवर किती डुलतात ते बघायचं. तोंडावर तडे आहेत का, तापून निळे डाग पडलेत का, कडेने ग्रीस बाहेर आलंय का. प्रत्येक मॉडेलला किती प्ले चालतो याची मर्यादा बनवणारे देतात. ती न बघता सेहेचाळीस हजारांचा निर्णय घेणं म्हणजे इस्राफ, उधळपट्टी. आणि न बघताच "चालेल" म्हणणं म्हणजे आळस, त्याला काटकसर म्हणू नये.

मिस्त्रींची बाजू मात्र मी हलकी मानत नाही. गिअरबॉक्स उतरवणं हेच खरं काम. क्लच नवा टाकला आणि सहा महिन्यांनी फ्लायव्हील गेलं, तर तेच नऊ हजार पुन्हा, तेच तीन दिवस पुन्हा, शिवाय कुरकुर मिस्त्रीच्याच नावाने. भाचा ही गाडी ठेवणार असता तर मोजणी मर्यादेच्या जवळ आली तरी मी "बदल" म्हणालो असतो. एक तिसरी वाटही सुचवली गेली. ड्युअल मास काढून एकसंध चकतीचा किट बसवायचा, निम्म्या पैशात काम. शर्यतीच्या गाडीला हलकी चकती शोभते, इंजिन चटकन चढतं, चटकन उतरतं. पण स्प्रिंगा गेल्या की झटके जातात गिअरबॉक्समध्ये, आणि नागावच्या रांगेत दर दहा फुटांवर गाडी बंद पडते. ती वाट मी तिथेच बंद केली.

खरा वाद पुढेच होता. गिअरबॉक्स उतरण्याच्या आदल्या रात्री भाचा मला म्हणाला, "मामू, घेणारा क्लच दाबून बघतो. फ्लायव्हील कोण बघतो?"

बरोबर होतं त्याचं. नवा क्लच पायाला इतका हलका लागतो की घेणारा त्यातच खूश होतो. जुन्या फ्लायव्हीलवर नवा क्लच हा उत्तम पडदा आहे. मला धान्याच्या ढिगाची गोष्ट आठवली, आमच्याकडे मदरशात लहानपणी सगळे ऐकतात. पैगंबरांनी बाजारात ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं निघालं. विकणारा म्हणाला, पाऊस लागला. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं. फिक्हमध्ये यावर पूर्ण प्रकरण आहे. माल विकताना ठाऊक असलेला ऐब सांगायचा, नाही सांगितला तर घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क. आपला १९३० चा मालविक्री कायदा पुष्कळसा भार घेणाऱ्याच्या डोक्यावर टाकतो, बघून घे म्हणतो. पण कायदा भाच्याला जितकी सूट देतो तितकी मी मामा म्हणून द्यायला तयार नव्हतो.

चौल तर अशा सौद्यांचं जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथे उतरला तो विकायला घोडा घेऊन. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्याचा घोडा जुन्नरच्या असदखानाने काढून घेतला, मग परत मिळाला आणि शेवटी बीदरला विकला गेला. घोड्याचं वय निदान दात उघडून बघता येतं. गाडीचे दात गिअरबॉक्सच्या मागे असतात, आणि ते बघायची संधी फक्त विकणाऱ्याला मिळते, तीही तीन दिवस.

मी गॅरेजमध्ये त्या दिवशी स्टुलावर बसून होतो. मिस्त्रींनी गिअरबॉक्स जॅकवर घेतला, प्रेशर प्लेटचे बोल्ट आडवे-तिडवे एकेक करून सैल केले. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. फ्लायव्हीलच्या तोंडावर बारीक गंज, तडे नाहीत, निळेपणा नाही, ग्रीस जागच्या जागी. मग त्यांनी खडूने खूण केली आणि चकती फिरवून दात मोजले. मी म्हटलं म्हणून दोनदा मोजले, मास्तराची सवय. त्यांच्या पोराने मोबाइलवर त्या मॉडेलची मर्यादा शोधली. प्ले मर्यादेच्या आत होता, पण जेमतेम एका दाताच्या अंतराने. डुलणंही आत.

मिस्त्री म्हणाले, "सर, वर्षभर जाईल. तीन वर्षंही जाईल. मी लिहून देणार नाही."

"मोजलेलं लिहून द्या," मी म्हटलं. "पुढचं नको."

त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिलं: प्ले इतके दात, मर्यादा इतकी, तारीख, किलोमीटर. फ्लायव्हील तेच ठेवलं, आणि ते सेहेचाळीस हजार स्लॅबच्या लोखंडाकडे गेले. भाचा तेवढ्यापुरता खूश झाला. तो कागद गाडीबरोबर द्यायचा, हे मी घरी आल्यावर सांगितलं, तेव्हा तो अर्धा तास माझ्याशी बोलला नाही. आपा मध्ये पडली नाही. तिने फक्त विचारलं, "तू जुनी घेतलीस तेव्हा तुला कुणी असा कागद दिला होता का?" नव्हता दिला. तिला काय म्हणायचं होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही. ती दोन्ही बाजूंनी बोलू शकते.

पहिलं गिऱ्हाईक पेणचं. त्याने कागद वाचला, "म्हणजे काम निघालंय" म्हणाला आणि तीस हजार कमी बोलला. भाच्याने नाही म्हटलं. दुसऱ्याने कागद वाचलाच नाही, टायर बघितले आणि गेला. नवं फ्लायव्हील टाकलं असतं तर सेहेचाळीस वसूल झाले असते का? मिस्त्रींना विचारलं तर हसले. जुन्या गाडीत घातलेल्या नव्या सामानाची किंमत कुणी मोजत नाही म्हणाले, फक्त न घातलेल्याची कापतात.

भाचा परवा परत गेला. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मामू, तीसपर्यंत उतरा, त्याच्या खाली नको. आणि कागद दाखवा, तुमचंच ऐकतो." कागद पुढच्या खणात, विम्याच्या पाकिटात आहे. दर जुम्म्याला नमाजनंतर मी ती शेडबाहेर काढतो, क्लच दाबून रामेश्वरापर्यंत जाऊन येतो, म्हणजे प्लेट पुन्हा चिकटू नये. क्लच लोण्यासारखा आहे. इंजिन बंद करताना मात्र ती खडखड येते, एकदाच, आणि मग सगळं शांत.