सुरतेच्या खरेदीत मुक्काम स्वतःच्या खर्चाने असावा

गणपती, दसरा-दिवाळी, ईद आणि लगीनसराई या हंगामांच्या आधी पलूस, तासगाव, विटा, कडेगाव भागातील लहान कापड व्यापारी सुरतेची वाट धरतो. किर्लोस्करवाडी किंवा मिरजेला गाडीत बसायचे, पुणे-मुंबईमार्गे पुढे जायचे, दोन दिवसांत खरेदी उरकून परतायचे, असा हा क्रम आहे. साडीचा भाव, उधारीची मुदत, ट्रान्सपोर्टचे भाडे याचा हिशेब हा व्यापारी बोटांवर करतो. मात्र उतरायचे कोठे, याचा विचार तो स्टेशनाबाहेर रिक्षात बसल्यावर करतो, किंवा करतच नाही. मुक्काम हा खरेदीचाच एक भाग आहे आणि तो स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडलेल्या ठिकाणी असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुष्कळ व्यापारी बंधूंचा मुक्काम आडतियाकडे असतो. आडतियाच खोली देतो, जेवण देतो आणि सकाळी सोबत माणूस देऊन मार्केटमध्ये पाठवतो. आडतिया आपला दुश्मन नाही. तो आपल्या उधारीची हमी घेतो, माल गोळा करून पार्सल पाठवतो आणि वाद झाला तर मध्यस्थी करतो. बाहेरगावच्या लहान दुकानदाराला त्याच्याशिवाय सुरतेत उधारी मिळणे अवघड आहे. परंतु त्याची कमाई आपल्या खरेदीवरील कमिशनची आहे. ज्याच्या खोलीत झोपलो, ज्याच्या ताटात जेवलो, त्याने दाखवलेला माल नाकारताना जीभ अडखळते. चार दुकाने अधिक फिरून येतो, असे म्हणणेही जड जाते.

याचा हिशेब मांडून पाहावा. समजा तीनशे साड्या घेतल्या आणि संकोचापोटी नगामागे फक्त पाच रुपये जास्त गेले, तर दीड हजार रुपये गेले. ड्रेस मटेरियल आणि सूटिंगचे वेगळेच. तेवढ्या पैशात साध्या लॉजचा मुक्काम सहज निघतो. शिवाय न खपणारा डिझाईनचा गठ्ठा गळ्यात पडला तर तो वर्षभर दुकानाच्या फळीवर बसतो. फुकटाची खोली अशी महाग पडते.

सुरतेला मुसाफिराचा मान राखण्याची जुनी परंपरा आहे. मक्केला जाणारे हाजी याच बंदरातून जहाजावर चढत, म्हणून या शहराला बाबुल-मक्का म्हटले जाई. चौक बाजाराजवळची मुगलसराय १६४४ मध्ये, शाहजहान बादशहाच्या काळात, मुसाफिरांसाठी बांधली गेली. आज त्याच इमारतीत सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. सरायचा उसूल साधा असतो. तेथे उतरणारा कोणा एका व्यापाऱ्याचा पाहुणा नसतो, म्हणून तो कोणाचा मिंधाही नसतो. आजच्या व्यापाऱ्याने हा उसूल ध्यानात ठेवावा.

आता उतरावे कोठे? आपल्या कामाचे तीन भाग आहेत. पहिला स्टेशनसमोरचा. गाडी अवेळी असेल आणि एकाच दिवसाचे काम असेल तर तो सोयीचा. गर्दी, गोंगाट आणि खोली दाखवतो म्हणून मागे लागणारे लोक, हे तेथे गृहीत धरावे. दुसरा रिंग रोडचा, सहारा दरवाजा ते उधना दरवाजा या पट्ट्यालगतचा. मार्केट पायाखाली असते. पण हंगामात खोल्या भरलेल्या असतात आणि भाव चढतो. तिसरा तापीकाठचा जुना मध्यभाग, म्हणजे चौक बाजार, नानपुरा आणि आतल्या बाजूला भागळ. दोन-तीन दिवसांची खरेदी असेल तर माझी पसंती या तिसऱ्या भागाला आहे.

चौक बाजारातून रिंग रोडला जायला रिक्षाचे भाडे पडते, हे खरे. परंतु संध्याकाळी मार्केट सुटले की व्यापारी दलालांच्या गराड्यातून बाहेर पडतो. रात्री खोलीत बसून दिवसभराच्या भावाच्या चिठ्ठ्या समोर मांडता येतात, नमुन्याचे तुकडे हाताळून पाहता येतात, घरी फोन करून दुकानात काय शिल्लक आहे ते विचारता येते. दुसऱ्या दिवशी पक्का सौदा करायचा. ही एक रात्र रिक्षाभाड्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन जाते. जेवणासाठी झांपा बाजार दूर नाही. भागळच्या बाजारपेठेत जरी, लेस यांसारखा किरकोळ मालही पाहता येतो. निघण्यापूर्वी एवढेच विचारून घ्यावे की मेट्रोच्या कामामुळे कोणता रस्ता बंद आहे.

नदीकाठी खोली घेताना मात्र नदीचा विचार करावा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. आपल्या तालुक्यात भिलवडी आणि ब्रह्मनाळने २०१९ चा महापूर पाहिला आहे, तेव्हा हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. सुरतेतील दिवाळीची खरेदी नेमकी पावसाळ्यात सुरू होते. त्या दिवसांत तळमजल्याची खोली घेऊ नये, आणि घेतलेला माल लॉजच्या तळघरात रात्रभर ठेवू नये. तो त्याच दिवशी ट्रान्सपोर्टला देऊन बिल्टी खिशात टाकावी.

दुसरी बाब आगीची. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोलबागमधील एका हॉटेलात आग लागून १७ माणसे गेली. एप्रिल २०२५ मध्ये कलकत्त्याच्या बडाबाजार भागातील एका हॉटेलात असाच प्रकार झाला आणि बहुतेक बळी धुराने गुदमरून गेले. दोन्ही ठिकाणे बाजारपेठेतली, आपल्यासारख्या कामानिमित्त आलेल्या मुसाफिरांची. जुन्या पेठेतील लॉज अरुंद बोळात असतात. तेव्हा खोली पाहताना आधी खिडकी पाहावी. ती बाहेर उघडते की आतल्या भिंतीकडे? दुसरा जिना आहे का? त्या जिन्यावर गाद्या आणि खोकी तर रचलेली नाहीत? शंभर रुपये वाचवण्यासाठी बिनखिडकीची खोली घेणे शहाणपणाचे नाही.

स्वच्छतेबाबत सुरतेने आपले नाव सुधारले आहे. १९९४ च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांनी शहर झाडून काढले, आणि खाणावळी व हॉटेलांवरही कडक नजर ठेवली. तरी मोरी, पाणी, चादर आणि दाराची कडी आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत. मोबाईलवरील फोटो खोलीच्या सर्वांत चांगल्या कोपऱ्याचा असतो. रोकड जवळ असेल तर स्वतःचे कुलूप सोबत असावे.

वेळेचा हिशेबही महत्त्वाचा आहे. काही लॉजमध्ये २४ तासांचा दिवस धरतात, काहींत दुपारी १२ ला दिवस संपतो. पहाटे पोहोचणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीत काही तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते. हे फोनवर आधीच विचारावे. रविवारी मार्केट बंद असते, म्हणून शनिवारी रात्री पोहोचून एक दिवस खोलीत काढणेही परवडत नाही.

फोन करताना आपले संपूर्ण नाव सांगावे, असा सल्ला मी तरुण व्यापाऱ्यांना देतो. ओळखपत्र पाहिल्यावर अचानक खोल्या भरल्याचे ऐकावे लागले, असा तजुर्बा आपल्यातील काहींना वेगवेगळ्या शहरांत आला आहे. काउंटरवर हुज्जत घालून दिवस खराब करण्यापेक्षा आधी नावासह खोली पक्की करावी. जेथे इज्जतीने वागवतात, त्या लॉजला पुन्हा जावे आणि दहा जणांना सांगावे.

बिल अवश्य घ्यावे. जुलै २०२२ पूर्वी हजार रुपयांच्या आतील खोलीवर जीएसटी नव्हता. नंतर १२ टक्के लागला. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे. गुजरातमधील हॉटेलवर भरलेल्या या कराची वजावट महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मिळत नाही, म्हणून दर विचारताना करासह विचारावा. परंतु बिल असेल तर प्रवासखर्च म्हणून तो वहीत दाखवता येतो.

काही जण म्हणतील, आता व्हॉट्सॲपवर फोटो पाहूनच माल मागवतो, सुरतेला जातो कोण? फोटोत रंग दिसतो. पोत, वजन आणि काठाची शिलाई हाताला लागल्याशिवाय कळत नाही. वर्षातून दोन फेऱ्या कराव्याच लागतात. त्यासाठी पलूस भागातील दोघा-तिघा दुकानदारांनी मिळून जावे, खोलीचे भाडे वाटून घ्यावे आणि लॉजचे नाव, दर, वेळ व वागणूक यांची एक सामाईक वही ठेवावी. आडतियाचा चहा जरूर प्यावा, त्याच्यामार्फत मालही घ्यावा. रात्री मात्र आपल्या भाड्याच्या खोलीत झोपावे, म्हणजे सकाळी 'हा भाव मला परवडत नाही' असे मोकळेपणाने सांगता येते.