चिपचे कारखाने येतायत, पण सर्किट कुणाला कळतंय?

गुजरातमध्ये धोलेरा इथे टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा ९१ हजार कोटींचा चिप कारखाना होतोय. केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेला ८५ हजार जण चिप डिझाइनसाठी तयार करायचे आहेत. बातम्या भारीच आहेत. पण ही पोरं जिथून सुरुवात करणार, त्या 'बेसिक इलेक्ट्रॉनिक्स' विषयाबद्दल कुणी बोलत नाही.

त्यातला सुरुवातीचाच धडा घ्या: व्होल्टेज डिव्हायडर. दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले की व्होल्टेज त्यांच्या प्रमाणात वाटलं जातं. एवढंच! पण तुमच्या फोनचं टाइप-सी चार्जिंग यावरच सुरू होतं. पोर्टमधल्या सीसी पिनवर फोनच्या बाजूने ५.१ किलोओहमचा रेझिस्टर असतो. चार्जरच्या बाजूने ५ व्होल्टला जोडलेला १० किलोओहमचा असेल, तर मध्ये साधारण १.७ व्होल्ट मिळतात. फोन समजतो, ३ अँपिअर घ्यायला हरकत नाही. १० च्या जागी ५६ किलोओहम असेल तर जेमतेम ०.४ व्होल्ट, म्हणजे बेताने घ्यायचं.

इथे चुकलं तर काय होतं? २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ बोर्डावर दोन सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता. आत चिप असलेली केबल लावली की केबलमधला रेझिस्टरही त्याला समांतर जोडला जायचा. चार्जरला वाटायचं ऑडिओची वस्तू लावलीये, आणि तो पॉवरच द्यायचा नाही. पुढे बोर्ड बदलावा लागला.

फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये आमचंही असंच झालं होतं. ९ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर. मध्ये ४.५ व्होल्ट आले. १ किलोओहमचा लोड जोडला तर थेट ०.७५! मीटर बिघडलाय म्हणून आम्ही सीनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलं आणि सही घेतली. मीटर बरोबर होता. लोड खालच्या रेझिस्टरला समांतर गेला होता, म्हणजे रास्पबेरीवाली भानगड. मार्क पूर्ण मिळाले, कळलं मात्र नोकरीला लागल्यावर.

माझं मत स्पष्ट आहे: रीडिंग उतरवून पास होणाऱ्यांच्या जिवावर चिपचा उद्योग उभा राहणार नाही. लॅबमध्ये 'चुकीचं' रीडिंग आलं की त्यावर चर्चा व्हायला हवी, आणि मार्कही त्यालाच हवेत.

कॉलेज बदलेपर्यंत थांबू नका. फालस्टॅडचा सर्किट सिम्युलेटर फोनच्या ब्राउझरमध्ये फुकट चालतो. लॅपटॉप असेल तर आयआयटी मुंबईचं ई-सिम आहे, तेही फुकट. आज तोच लोड जोडून बघा. ०.७५ का येतं ते स्वतः शोधा.