हजार वर्षांपूर्वी गेलेला आपला, दहा वर्षांपूर्वी गेलेला परका?

मंडळी, २०१६ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली होती. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या भटकत, हाकलले जात जगलेल्या या लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातूनच गेले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना भारताची लेकरं म्हटलं. चांगलं झालं. माझ्याही टाळ्या.

आता दिल्ली सोडा, आपल्या कोपरगाव तालुक्यात या. विमुक्त जातीतला माणूस दहा-बारा वर्षं पोटामागं पुण्या-मुंबईकडं राहतो आणि म्हाताऱ्या आईसाठी, पोरांच्या शाळेसाठी गावी परततो. रेशनकार्डातून नाव कमी झालेलं असतं. मतदारयादीत नाव नसतं. पाल होतं तिथं दुसऱ्याचं कुंपण. आणि विहिरीवरची मोटर चोरीला गेली की पहिला संशय त्याच्यावर. "हे कशाला परत आले?" असं कुजबुजणारे आपणच असतो, बाहेरचं कुणी नाही.

पोराच्या जातीच्या दाखल्याला गेला की २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. अहो, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं याच लोकांना जन्मतः चोर ठरवलं. रजिस्टरात नावं, पोलिसांकडं हजेरी. तो कायदा देशातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे १९६१ च्या जेमतेम नऊ वर्षं आधी! चोर म्हणून नाव लिहायला सरकारकडं वही होती. रहिवासी म्हणून लिहायची वेळ आली की कागद यानंच आणायचा?

कुणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखाच. बरोबर. पण तुमच्या-माझ्या आजोबाचं नाव शाळेच्या रजिस्टरात होतं, सातबाऱ्यावर होतं. याच्या आजोबाला कुणी एका गावात टिकूच दिलं नाही. खोटे दाखले निघतात, तेही खरं. म्हणून तपासणी कडक करा, पण ती वस्तीवर येऊन करा. जाणत्या माणसांचे जबाब घ्या, पंचनामा करा. पुरावा नाही म्हणून माणूस परत पाठवू नका.

माझं म्हणणं एवढंच: येत्या ग्रामसभेत आपापल्या गावात हा विषय घ्या. कुणाचं पाल कुठं होतं, हे आपल्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी ते सांगावं आणि खाली सही करावी.