दहा हजारांचं सोयाबीन

बीबीला (आमचं गाव, लोणार तालुका, जिल्हा बुलढाणा) गेलो की काकांच्या मागच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे दिसतात. २०२१ च्या पावसाळ्यात क्विंटलचा भाव दहा हजारांवर गेला होता. तेव्हा काकांकडे दाणाही शिल्लक नव्हता! पुढच्या उन्हाळ्यात भाव सातच्या आसपास होता. म्हटलं, काका, विकून टाका. "दहाचा भाव पाह्यला म्या. आता सातात कसा देऊ?" शेवटी २०२३ मध्ये साडेचारात दिलं. मधल्या काळात चुलतभावाची फी व्याजाच्या पैशांतून गेली.

मी पुण्यात येऊन मित्रांना हा किस्सा हसत हसत सांगितला. त्याच दिवशी माझ्या डीमॅट खात्यात एक शेअर ४० टक्के खाली पडून होता. का विकत नाहीस? तर 'खरेदीच्या भावाला आला की विकतो'. घ्या!

डॅनियल काहनेमन नावाचा मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर हेच बघत बसला. त्याने आणि अमोस ट्वर्स्कीने १९७९ मध्ये मांडलं की माणूस एकूण किती आहे ते मोजत नाही, मनातल्या एका आकड्यापासून किती वर-खाली झालं ते मोजतो. आणि खाली गेलेलं जास्त टोचतं, साधारण दुप्पट. काकांना सात हजार मिळणार नव्हते, त्यांचे तीन हजार जाणार होते. २००२ मध्ये काहनेमनला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की १९९६ मध्येच गेला होता.

आपल्याकडे याला 'शेतकऱ्याचं अज्ञान' म्हणायची फॅशन आहे. मला ते पटत नाही. माल साठवायला जागा आणि धीर असणं ही ताकद आहे. देणी डोक्यावर असलेला बिचारा काढणीलाच विकतो. शिवाय २०२४ मध्ये मारे ४८९२ हमीभाव जाहीर झाला आणि बाजारात तोही मिळेना, तर आकड्यांवर कुणी कसा विश्वास ठेवायचा?

आणि शहाणपण वाचून येतं म्हणावं तर स्वतः काहनेमनच (२०२४ मध्ये गेला) कबूल करायचा की इतकी वर्षं अभ्यास करून आपल्या चुका फारशा कमी झाल्या नाहीत. त्यामुळे मी यंदा काकांना भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, "समजा घरात माल नाही, हातात तेवढी रोकड आहे. आजच्या भावाने सोयाबीन घेऊन ठेवाल का?"

"येडा हाय का?" काका म्हणाले. मग बराच वेळ गप्प.

शेअर अजून तसाच आहे. असो.