बोटे गेली, म्हणून मैदान का जावे?

बल्गेरियातल्या स्टारा झागोरा या गावी २० ऑगस्ट १९८८ रोजी योर्दांका डोंकोवाने १०० मीटर अडथळ्यांची शर्यत १२.२१ सेकंदांत पूर्ण केली. हा जागतिक विक्रम मोडायला २०१६ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या केंड्रा हॅरिसनने तो लंडनमध्ये मोडला, तोही सेकंदाच्या केवळ शंभराव्या भागाने. विक्रमानंतर महिन्याभराने डोंकोवाने सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले, १२.३८ सेकंदांत. चार वर्षांनी बार्सिलोनात कांस्य.

तिच्या उजव्या हाताची काही बोटे लहानपणीच्या अपघातात गेलेली होती.

पायांच्या शर्यतीत बोटांचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे, पण अगदी थोडा वेळ. धावपटू ओणवा बसतो तेव्हा पुढे झुकलेल्या शरीराचा बराच भार अंगठा आणि बोटांच्या कमानीवर येतो. एका बाजूची कमान अपुरी असेल तर खांदा कलतो आणि पहिले पाऊल वाकडे पडू शकते. दोन्ही हात जमिनीला टेकलेले हवेत, असे नियम सांगतो. बोटे किती, ते सांगत नाही. एकदा उठले की हात हलतो तो खांद्यातून. पहिला अडथळा १३ मीटरवर, मग दर साडेआठ मीटरला एक, असे दहा. प्रत्येकाची उंची ८४ सेंटिमीटरला किंचित कमी, आणि दोघांच्या मध्ये बरोबर तीन पावले. इथे कस लागतो तो कंबरेच्या सांध्याच्या लवचिकतेचा आणि तालाचा.

हे सांगण्याचे कारण आमच्या ओपीडीत आहे. कडबाकुट्टीत, उसाच्या चरकात किंवा दिवाळीच्या फटाक्याने बोटे गेलेली मुले सरकारी रुग्णालयात येतच असतात. जखम भरते, टाके निघतात, आणि मग पालक विचारतात, ‘डॉक्टर, आता खेळायचं बंद ना?’ शाळेला चिठ्ठी हवी असते, पीटीतून सूट मिळावी म्हणून. अशी चिठ्ठी सरसकट देणे मला पटत नाही. जखम नीट भरल्यावर केवळ बोट नाही म्हणून धावणे, उडी, फुटबॉल बंद करण्याला वैद्यकीय आधार नाही. क्रिकेटची बॅट धरायला, मल्लखांबाला अडचण येईल; ती पकड बदलून सोडवता येते का, हे प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्टने मिळून पाहावे.

खरी काळजी वेगळीच घ्यायला हवी. उरलेले सांधे लवकर हलवले नाहीत तर ताठरतात. तुटलेल्या टोकाची कातडी फार हळवी होते. जखम भरल्यावर तिला मऊ कापडापासून सुरू करून हळूहळू खरखरीत स्पर्शाची सवय लावावी लागते. आणि मूल हात खिशात लपवू लागले तर त्याची दखल जखमेइतकीच गंभीरपणे घ्यावी. (अपघात झाल्याबरोबर तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवून आणावे. बोट थेट बर्फात टाकू नये, पेशी मरतात.)

डोंकोवाचे उदाहरण देताना एक धोका मात्र असतो. ‘बघ, ती जगज्जेती झाली’ म्हणून दुखऱ्या मुलावर नवे ओझे टाकू नये. तिच्या वाट्याला बोटांपलीकडचे अडथळेही आलेच: १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बल्गेरियाने बहिष्कार टाकला. १९८६ साली तिने विक्रम पुन्हा पुन्हा खाली आणला, तर पुढच्या वर्षी तो तिच्याच देशाच्या गिंका झागोर्चेवाने हिसकावला. तो तिने परत मिळवला, तेव्हा ती २६ वर्षांची होती.

आमच्या मुलांना इतके नको आहे. पीटीच्या तासाला रांगेत उभे राहू द्या, एवढेच. पुढच्या वेळी सुटीची चिठ्ठी मागायला येणाऱ्या पालकांनी मुलाला सोबत आणावे. ‘तुला काय खेळायचंय?’ हा प्रश्न मला त्यालाच विचारायचा असतो.